सहा गिअर, एक हात

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचा रथ शंभरेक वर्षांच्या खंडानंतर २०१५ साली पुन्हा रस्त्यावर आला. मंदिराजवळच्या चार राजवीथींतून तो फिरतो. सरळ रस्त्यावर दोर ओढणाऱ्यांचा जोर पुरतो. बघण्यासारखी गोष्ट घडते ती कोपऱ्यावर. या रथाचा आस वळत नाही. तिथं लाकडी उट्या घेतलेली जाणती माणसं पुढं होतात. एका बाजूच्या चाकाखाली उटी सरकवली की ते चाक अडतं, दुसऱ्या बाजूचं पुढं जातं आणि एवढा थोरला रथ हळूहळू तोंड फिरवतो. शेजारच्या तिरुवारूरच्या रथाला तिरुचीच्या भेल कारखान्यानं हायड्रॉलिक ब्रेक बसवून दिले, तरी रथ वळवण्याचं काम उटीवाल्यांकडेच राहिलं.

आस वळत नसेल तर गाडी वळवायची कशी, हाच प्रश्न शर्यतीच्या जगातल्या सगळ्यात छोट्या गाडीपुढंही आहे. गो-कार्टच्या मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक्सल म्हणजे एकच अखंड नळी. मोटारीत वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरावं आणि आतलं कमी, म्हणून डिफरन्शियल असतो. कार्टमध्ये तो नाही. शॉकअप नाहीत, सीटबेल्टही नाही. गाडी उलटली तर चालक तिच्याखाली अडकण्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा, असा त्यामागचा हिशेब. मग ती वळते कशी? स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या तिरक्या बसवणीमुळं आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं, पोलादी नळ्यांची चौकट पिळवटते आणि मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. क्षणभर गाडी तीन चाकांवर असते, आणि तेवढ्यात वळून घेते. म्हणजे इथं उटी लावायची ती चालकानंच, स्टिअरिंगनं आणि स्वतःच्या वजनानं.

ही गाडी १९५६ साली दक्षिण कॅलिफोर्नियात जन्मली. आर्ट इंगल्स हा कर्टिस क्राफ्ट या शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यातला कारागीर. त्यानं लू बोरेली या मित्राबरोबर नळ्यांची एक चौकट जोडली आणि तिला गवत कापण्याच्या यंत्राचं वेस्ट बेंड कंपनीचं जेमतेम अडीच अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं. एक इंजिन, एक साखळी, एक एक्सल. गिअर नव्हताच, कारण गवत कापायला गिअर लागत नाही. मुख्य प्रवाहातलं कार्टिंग पुढची कित्येक दशकं असंच बिनगिअरचं राहिलं. १९६२ साली मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिच्या छत्राखाली आंतरराष्ट्रीय कार्टिंग आयोग, म्हणजे सीआयके, स्थापन झाला आणि १९६४ साली रोममध्ये पहिलं जगज्जेतेपद इटलीच्या ग्विदो सालानं घेतलं. तेही बिनगिअरच्या गाडीवर.

गिअरची कार्ट ही या घराण्यातली धाकटी पाती. ती मोटरसायकलच्या दुकानातून आली. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात लोकांनी सहज हाताला लागणारं इंजिन उचललं: व्हिलियर्सचं १९७ सीसीचं टू-स्ट्रोक. साध्या, स्वस्त मोटरसायकलींना बसणारं हे इंजिन आपल्या गिअरबॉक्ससकट मिळायचं. इंजिन घेतलं की गिअर आपोआप आले! त्यातून ब्रिटनमध्ये गिअरच्या कार्टचा वेगळा गट तयार झाला. व्हिलियर्सच्या वंशातला २१० सीसीचा गट तिथले हौशी लोक अजूनही जपून आहेत. जाता जाता सांगायला हवं, की व्हिलियर्स तमिळनाडूला परकं नव्हतं. मद्रासच्या एन्फिल्ड इंडियानं साठच्या दशकात ‘शेर्पा’ नावाची हलकी मोटरसायकल काढली, तिच्या पोटात व्हिलियर्सचंच टू-स्ट्रोक होतं. तिकडं ज्या इंजिनानं शर्यतीचा एक गट उभा केला, त्याच घराण्यातलं इंजिन इकडं दूध आणि टपाल वाहत राहिलं. त्यावर कुणी कार्टचा गट उभारला नाही.

गिअर हवेत कशाला, हे कळायला आरएक्स १०० आठवावी. यामाहाची ही गाडी १९८५ साली भारतात आली आणि १९९६ साली बंद झाली, तरी तमिळनाडूत तिच्यावर जीव टाकणारे अजून संपलेले नाहीत. ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती, चार गिअर आणि सिलिंडरच्या तोंडाशी रीड व्हॉल्व्ह. म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत घेणारी, उलट येऊ न देणारी पातळ पट्ट्यांची झडप. आजच्या गिअर कार्टचं इंजिन तत्त्वानं हेच आहे: एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, रीड व्हॉल्व्ह. फक्त १२५ सीसी आणि पाण्यानं थंड होणारं. ताकद मात्र पन्नास अश्वशक्तीला टेकलेली. सीसी पावपट वाढले आणि ताकद चौपटीच्या वर गेली, ती कुठून आली?

बरीचशी सायलेन्सरच्या आधी येणाऱ्या त्या फुगीर पोटाच्या नळीतून. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर जाताना ताजं मिश्रणही थोडं निसटतं. नळीचा आकार नेमका असेल तर आत उठलेली दाबाची लाट परत फिरते आणि निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. लाट वेळेवर पोचली तर इंजिन पिसाळतं, चुकली तर तेच इंजिन खोकत राहतं. लाटेचा वेग आपल्याला बदलता येत नाही, म्हणून ही वेळ फेऱ्यांच्या एका अरुंद पट्ट्यातच साधते. मिनिटाला दहा हजारांच्या खाली फारसं काही नाही, चौदा हजारांच्या आसपास सगळं संपलं. या पट्ट्याच्या बाहेर इंजिन जाऊ द्यायचं नाही, म्हणून सहा गिअर. किंमतही मोजावी लागते: आरएक्सचा पिस्टन वर्षानुवर्षं टिकायचा, इथं तो काही तासांच्या धावेनंतर बदलतात.

बिनगिअरच्या कार्टमध्ये हाच प्रश्न चालकाला वेग राखून सोडवावा लागतो. वळणावर वेग पडू दिला तर इंजिन पट्ट्याखाली जातं आणि वर यायला वेळ लागतो. म्हणून तिथं सगळी कला गाडीला वाहती ठेवण्याची. गिअरच्या कार्टमध्ये वेग पाडून, गिअर पाडून, पुन्हा उसळी मारता येते. त्यामुळं जुने बिनगिअरवाले गिअरवाल्यांना ‘हे कार्टिंग नव्हे, चार चाकी मोटरसायकल’ म्हणून हिणवतात. त्यांचं पूर्ण चुकतं असं नाही. पण हिणवणाऱ्यानं एकदा तरी एका हातानं गिअर टाकत दुसऱ्या हातानं वळण काढून बघावं.

१९८३ पासून ‘फॉर्म्युला सी’ या नावानं गिअरवाल्या १२५ सीसी कार्टची स्वतंत्र जगज्जेतेपदाची स्पर्धा सुरू झाली. नंतर तिचं ‘सुपर आयसीसी’ झालं, २००७ साली ‘केझेड वन’ आणि २०१३ पासून नुसतं ‘केझेड’. खालच्या पायरीवरचा ‘आयसीसी’ हा गट ‘केझेड टू’ झाला. नावं बदलली, यंत्र जवळजवळ तेच राहिलं, आणि माझ्या मते या गटाचं नशीब इथंच उघडलं. कारण शेजारच्या घरात काय झालं ते बघा. त्याच २००७ साली सीआयकेनं बिनगिअरच्या मुख्य गटाला आधुनिक करायचं ठरवलं. शंभर सीसीची जुनी इंजिनं गेली. केएफ नावाची १२५ सीसीची नवी आली, त्यांना बटण दाबून सुरू करायचा स्टार्टर आणि आपोआप लागणारा क्लच. सोय झाली, पण गाडी जड झाली, खर्च वाढला, बिघाडाच्या जागा वाढल्या. एकेक स्पर्धक गळत गेला आणि २०१६ साली सीआयकेला उलट फिरून ‘ओके’ नावाचा बिनक्लचचा, बिनस्टार्टरचा गट आणावा लागला. नऊ वर्षं गेली. केझेडवाले तोपर्यंत आपले गिअर टाकत होते.

केझेडची नियमावली हा खरं म्हणजे मनाईचा ग्रंथ आहे. तो वाचला की गाडीचा खरा रचनाकार इंजिनिअर नसून कलम लिहिणारा कारकून आहे असं वाटायला लागतं. गिअर तीन ते सहा असावेत. ते हातानंच टाकावेत. दांडी ढकलायला कुठलंही मदतनीस यंत्र नको. आजच्या फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टिअरिंगमागची पट्टी बोटानं ओढली की बाकीचं संगणक करतो. इथं स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एक दांडी असते, तिच्यापासून सळई गिअरबॉक्सला जाते, आणि दांडी ओढणारा हात चालकाचा. क्लचचा लिव्हर डाव्या हाताशी असतो, पण तो मुख्यतः निघताना लागतो. एकदा गाडी सुटली की वरचा गिअर टाकायला क्लच दाबत बसायला वेळ नसतो: पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पापणी लवण्याइतका सैल करायचा, गिअरच्या दातांवरचा ताण सुटतो, त्या क्षणी दांडी ओढायची. पाय जरा उशिरा उचलला तर दात खरवडतात, जरा जास्त उचलला तर पुढचा निसटतो.

कार्बुरेटरचा घसा तीस मिलिमीटर, गोल. या एका आकड्यात अख्खं राजकारण आहे. इंजिन बनवणारे कितीही हुशार असले, तरी हवा तेवढ्याच भोकातून येणार. म्हणजे ताकदीला वरची मर्यादा आपोआप बसली आणि एकमेकांवर कुरघोडी करण्यात घालवायचे पैसे थोडे वाचले. आवाजाला १०८ डेसिबलची मर्यादा. वजन कमीत कमी किती हवं हे चालकाला, त्याच्या हेल्मेटला आणि बुटांना धरून ठरतं. आकडा पावणेदोनशे किलोच्या घरातला. शर्यत संपली की सगळे थेट वजनकाट्यावर. हडकुळा चालक सीटखाली शिशाचे तुकडे बोल्टनं आवळतो, आणि ते तुकडे कुठं आवळायचे यावर वळणातली गाडी बदलते, म्हणून वजनाचं कलमही शेवटी वेगाचंच कलम होतं.

ब्रेक चारही चाकांना. बिनगिअरच्या गटांत ते फक्त मागं असतात. फरक सुरुवातीतही आहे. बिनगिअरच्या गाड्या दोन रांगांत वाहत येतात आणि वाहत्यातच शर्यत सुरू होते, कारण त्यांना थांबून निघणं जमत नाही. केझेडवाले एक फेरी मारून आपापल्या चौकोनात येऊन थांबतात. दिवे लागतात, तीसेक टू-स्ट्रोक एकदम किंचाळायला लागतात, दिवे विझतात. ज्यानं क्लच लवकर सोडला त्याचं इंजिन बंद पडतं आणि मागचे त्याला चुकवत जातात. ज्यानं उशिरा सोडला तो पहिल्या वळणाला सहा जणांच्या मागं.

इंजिन, चौकट, ब्रेक, पुढचं प्लास्टिकचं आवरण, यांतली प्रत्येक गोष्ट आधी मंजूर करून घ्यावी लागते. कारखानदार नमुना आणि मोजमापांचा अर्ज देतो, सीआयके तो काही वर्षांसाठी गोठवते. शर्यतीनंतर तपासनीस अर्जातला फोटो एका हातात आणि सुटा भाग दुसऱ्या हातात घेऊन बघतात. पुढचं आवरणसुद्धा सैल कड्यांनी बसवलेलं असतं: पुढच्या गाडीला ढकललं की ते आत सरकतं, आणि सरकलेलं सापडलं तर निकालात काही सेकंदांची भर. वाद घालायला पंच लागत नाही, प्लास्टिकच साक्ष देतं. धक्काबुक्कीवर याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

या मनाईंतून माणूस किती उरतो, हे २०१३ साली दिसलं. फ्रान्समधल्या व्हारेन-सुर-आलिए इथं केझेडची जागतिक स्पर्धा झाली. पहिला आला पंधरा वर्षांचा मॅक्स व्हर्स्टापेन, दुसरा शार्ल लेक्लेर. दोघंही पुढं फॉर्म्युला वनमध्ये गेले आणि अजून एकमेकांच्या मागं-पुढंच आहेत. पण मला आदल्या वर्षीची गोष्ट जास्त सांगण्यासारखी वाटते. इटलीत नेपल्सजवळच्या सार्नोला केझेड टूच्या अंतिम शर्यतीत व्हर्स्टापेन सगळ्यांत वेगवान होता. एक जागा गेली, ती त्याच फेरीत परत मिळवायची त्याला घाई झाली, आणि धडक होऊन सगळंच गेलं. चिडलेल्या वडिलांनी परतीच्या वाटेवर त्याला पेट्रोल पंपावर उतरवून गाडी पुढं नेली, हा किस्सा दोघांनीही नंतर मुलाखतींत सांगितला आहे. सहा गिअर असलेल्या गाडीत दर वळणाला पुढच्याला गाठायची नवी संधी दिसते. थांबता येणं हे त्या गाडीत गिअर टाकण्याइतकंच अवघड.

अमेरिकेनं वेगळी वाट धरली. तिथं गिअरच्या कार्टला ‘शिफ्टर’ म्हणतात. नव्वदच्या दशकात तिथल्या लोकांनी होंडाच्या सीआर १२५ या मोटोक्रॉस मोटरसायकलचं इंजिन कार्टवर बसवलं आणि एका गटात नियम केला, की इंजिन कारखान्यातून आलं तसंच ठेवायचं. घासायचं नाही, कोरायचं नाही. गट धो धो चालला. गंमत अशी, की होंडानं ती मोटरसायकल २००७ नंतर बनवलीच नाही, आणि गट त्यानंतरही दहाएक वर्षं त्याच जुन्या इंजिनावर धावत राहिला. इटलीतल्या टीएम किंवा मॅक्सटरच्या खास बनावटीच्या इंजिनांपुढं ते होंडा म्हणजे गावठी. पण प्रत्येकाकडं तेच गावठी होतं, म्हणून शर्यत चुरशीची झाली.

आता आपल्याकडं. तंजावरातून गाडी काढली तर खरीखुरी शर्यतीची धावपट्टी गाठायला पश्चिमेला कोइमतूर किंवा उत्तरेला श्रीपेरुंबुदूरजवळचं इरुंगाट्टुकोट्टै. दोन्हीकडं पाच-सहा तास. तमिळनाडू हे भारतीय मोटार शर्यतीचं माहेर. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. त्यानं शोळावरमच्या महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यती भरवल्या आणि पुढं इरुंगाट्टुकोट्टैला स्वतःचा ट्रॅक बांधला. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चं इंजिन घेऊन एका माणसाची शर्यतीची गाडी बांधली, तीच ‘फॉर्म्युला मारुती’. परदेशी इंजिन आणायचं तर खर्चानंच माणूस खचतो. मग गल्लीच्या मेकॅनिकला उघडता येईल असं इंजिन घ्या आणि सगळ्यांना तेच द्या, हा त्यांचा सरळ हिशेब होता. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. त्यांच्या नावानं कोइमतूरला करी मोटर स्पीडवे उभा राहिला आणि तिथल्याच एलजीबी या साखळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या पाठबळावर मारुतीच्या इंजिनांची एलजीबी फॉर्म्युला मालिका चालू राहिली. मोटरसायकलला ‘रोलॉन’ची साखळी बसवणाऱ्यांना ही कंपनी माहीत असेल.

कार्टिंगमध्ये मात्र हा करिवर्धनी हिशेब कुणी मांडला नाही. भारतातलं राष्ट्रीय पातळीचं कार्टिंग गेली कित्येक वर्षं ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स मॅक्स इंजिनावर चाललं आहे. बेंगळुरूत, चेन्नईच्या आसपास, आपल्या कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर या मालिकेच्या फेऱ्या झाल्या आहेत. रोटॅक्सचं इंजिन सील करून येतं; आत कुणी हात घातला का हे सीलच सांगतं. न्यायाच्या दृष्टीनं उत्तम. पण मुख्य गटांत त्याला गिअर नाहीत, आणि सुटे भाग परदेशातून. गिअरचं रोटॅक्सही आहे, डीडी टू नावाचं, दोनच गिअरचं आणि स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी चालणारं. ते सहा गिअरवाल्यांना खेळणं वाटतं. दरम्यान प्रदूषणाच्या नियमांनी रस्त्यावरची टू-स्ट्रोक मोटरसायकल संपवली. ब्रिटनला व्हिलियर्स आणि अमेरिकेला होंडा ज्या दुकानातून मिळालं, ते दुकानच आपल्याकडं बंद झालं.

तरीही गिअरची कार्ट भारतात आहे. ती अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कार्यशाळांत आहे. तमिळनाडू असो की महाराष्ट्र, विद्यार्थ्यांच्या कार्ट-बांधणी स्पर्धांत पोरं रस्त्यावरच्या मोटरसायकलचं सव्वाशे-दीडशे सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन गिअरबॉक्ससकट उचलतात, पायाचा गिअर सळया जोडून हाताशी आणतात आणि साखळी थेट मागच्या एक्सलला जोडतात. साठच्या दशकातल्या ब्रिटिश हौश्यांनी केलं ते हेच. दहा-बारा अश्वशक्ती, पाच गिअर, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात. स्पर्धा संपली की गाडी महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी शोभेला उभी राहते, कारण पुढं तिला धावायला गटच नाही.

असा गट करायचा तर इंजिन कोणतं हा प्रश्न सोपा आहे. ते बदलू कसं द्यायचं नाही, हा अवघड. सील हा एक मार्ग, गोठवलेल्या अर्जाचा दुसरा. अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या शर्यतींत तिसराही चालतो. शर्यत संपल्यावर हरलेला स्पर्धक आधी ठरलेली, मुद्दाम कमी ठेवलेली रक्कम टेबलावर ठेवून जिंकणाऱ्याचं इंजिन मागू शकतो. दिलं नाही तर जिंकणं रद्द. त्यामुळं चोरून इंजिनावर लाखभर खर्च करण्यात कुणालाच राम वाटत नाही. तमिळनाडूत हे कलम लावायचं झालं, तर आरएक्स १०० चं इंजिन पोटच्या पोरासारखं जपणाऱ्या मेकॅनिकांची समजूत घालायला आधी एक वेगळी समिती नेमावी लागेल.